केतकी, तुझा कॉम्प्युटर आता थांबत नाही

केतकी,

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्याविषयी चार शब्द लिही, असं तुझे बाबा म्हणाले. ते मी लिहिले आणि देऊनही टाकले. त्यात तू हुशार आहेस, मनमिळाऊ आहेस, वर्गात सगळ्यांना मदत करणारी आहेस. खोटं त्यात काही नाही, पण पुन्हा वाचताना मलाच प्रश्न पडला की ही मुलगी कोण. म्हणून हे दुसरं लिहिते आहे. हे अंकासाठी नाही.

याचं पहिलं वाक्य ‘तुझी फार आठवण येते’ असं लिहायचं ठरवलं होतं. हातून लिहिलं गेलं ते ‘मला तुझा हेवा वाटतो’. निदान ‘वाटायचा’ करावं, असं मनात आलं. माणूस गेल्यावर त्याचं दुःख होतं, हेवा वाटत नाही, असं मी समजत होते. दुःख आहे. पण हेवाही जागचा हललेला नाही. म्हणून वाक्य तसंच ठेवलं.

शुद्धलेखन तपासायला तू नाहीस. माझं शिक्षण कन्नडमधून झालं. देवनागरी अक्षरं मी हिंदीच्या तासाला शिकले, आणि मराठी लिहायला तुझ्या घरी येणारी मासिकं वाचून. म्हणजे तुझ्याविषयी लिहायचं तर तेही तुझ्याकडून घेतलेल्या मराठीत. याचाही मला हेवा वाटतो, हे तुला ऐकून हसू येईल.

तुला आपली पहिली भेट आठवते? कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्यासमोरचा कॉम्प्युटर अचानक पींऽ करून ओरडला आणि मी दचकून ‘आई गं’ म्हणाले. तू पलीकडच्या खुर्चीतून वळलीस. चेहरा असा, जसं परमुलखात कोणी नातेवाईक सापडावा.

“अगं, तू मराठी आहेस?”

“हाय,” मी म्हणाले.

“हाय!” तू हात हलवलास. “मी केतकी. पण मराठी आहेस का सांग ना.”

“हाय की.”

मग तुझ्या लक्षात आलं आणि तू बाकावर डोकं टेकून हसलीस. मीही हसले. आमच्या घरात ‘आहे’ला हायच म्हणतात. अप्पा निपाणीकडून आनेकलला आले, कारखान्यात लेथवर लागले, आणि मी तिथेच जन्मले. त्यामुळे आमची मराठी निपाणीची आणि कन्नड आनेकलची, आणि दोन्ही एकाच वाक्यात. तुझी मराठी पुण्याहून तशीच्या तशी आली होती, इस्त्री केलेली. मी पुढचा आठवडाभर बसमध्ये मनातल्या मनात ‘आहे, आहे’ म्हणत यायचे.

काकांना ऑफिसच्या कामासाठी कॉम्प्युटर घरी हवा होता. तयार घेऊ या, असं ते म्हणत होते. तू म्हणालीस, “बाबा, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. सुटे भाग आणा, आम्ही जोडतो.” काका हसले आणि ऑफिसमधल्या कोणाला तरी घेऊन एस.पी. रोडवर गेले. मी तिथे बसले होते. अप्पांना असं कधी म्हणता येईल का, याचा विचार करत होते. म्हटलं असतं तर अप्पा रागावले नसते. त्यांनी ते खरं मानलं असतं.

आणि ‘आम्ही’ म्हणजे कोण, ते मला बसस्टॉपवर येईपर्यंत कळलं नव्हतं. “शनिवारी लवकर ये गं,” तू म्हणालीस, “मी एकटी काय करणार?”

बनशंकरीच्या तुमच्या त्या खालच्या मजल्यावरच्या घरात, पलंगावर चादर अंथरून सगळे भाग मांडले होते. मदरबोर्डबरोबर आलेलं माहितीपत्रक तू मोठ्याने वाचायचीस आणि मी बसवायचे. स्क्रू आधी बोटांनी फिरवून घ्यायचा, तो सरळ चालला आहे असं वाटलं की मगच स्क्रू ड्रायव्हर लावायचा, हे मला अप्पांना बघून माहीत होतं. तू म्हणालीस, “तुझे हात काय मस्त आहेत!” तेवढ्या एका वाक्यावर मी पुढचे किती दिवस खूश होते, ते तुला कधी कळू दिलं नाही.

कॉम्प्युटर पहिल्याच फटक्यात सुरू झाला. काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि काका ओरडले, “अगं, त्या फ्लॉपीच्या फटीत कुंकू घालू नकोस!” सगळे इतके आनंदात होतो की त्या दिवशी तो किती वेळ चालला, हे कोणी बघितलंच नाही.

पुढच्या शनिवारी बघितलं. तू टाइप करत होतीस आणि पडदा काळा झाला. मग कॉम्प्युटर आपणहून पहिल्यापासून सुरू झाला, जसं काही घडलंच नाही. थोड्या वेळाने पुन्हा. कधी तासभर बिनबोभाट चालायचा, कधी विंडोज धड उघडायच्या आत बंद. तू विंडोज काढून पुन्हा घातलंस. आपण प्रत्येक केबल काढून परत लावली. साउंड कार्ड काढून ठेवलं. मदरबोर्डवरचे जंपर चित्राशी ताडून पाहिले. आपल्या वर्गातला निखिल राजाजीनगरहून मुद्दाम आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “व्हायरस आहे न हा.” निखिलला तेव्हा सगळीकडे व्हायरस दिसायचा. तो नागपुरी ‘न’ लावून बोलायचा आणि तू त्याला कधी म्हणाली नाहीस की असं नसतं बोलायचं. व्याकरण फक्त माझं दुरुस्त व्हायचं. मी त्याचाही हेवा करायचे.

मग ती संध्याकाळ. तू टाइप करत होतीस, मी खिडकीशी उभी होते. बस पकडायची होती, म्हणून बाहेर किती अंधारलं ते बघत होते. डोक्यावरची ट्यूबलाइट एक क्षण मंद झाली. त्याच क्षणी तुझ्यासमोरचा पडदा काळा. आणि छतातून घरघर ऐकू यायला लागली. वर कमलम्मा राहायच्या, तुमच्या घरमालकीण. गल्लीतल्या निम्म्या घरांना त्या इडलीचं पीठ वाटून द्यायच्या आणि त्यांचा दगडी ग्राइंडर आपल्या डोक्यावरच होता. मला एकदम सगळं दिसलं. मी ओरडले,

“मेले! मेले!”

“हो, दिसतंय मला,” तू म्हणालीस.

“अगं केतकी, मेले!”

“एकदा सांगितलंस ना. आणि मेले काय? कॉम्प्युटर मेला. पुल्लिंग, एकवचन. एवढा आदर नको द्यायला त्याला.”

मला शब्दच सुचेना. मी बोटाने छताकडे दाखवलं.

“बरं बाई, वर गेला,” तू म्हणालीस. “देवाघरी गेला. आता ती विंडोजची सीडी दे इकडे.”

कन्नडमध्ये मेले म्हणजे वर. आनेकलच्या आमच्या घरात डबा ‘मेले’ ठेवतात, गच्चीवर ‘मेले’ जातात, आणि त्यात कोणी मरत नाही. पण ते सांगण्याच्या आत माझा चेहरा लाल झाला होता. पुल्लिंग, एकवचन. मी सीडी दिली. ‘वर’ हा शब्द मला येत नव्हता असं नाही. घाईत तो आला नाही, एवढंच. आणि नंतर घाई संपल्यावर तो बोलायची हिंमत झाली नाही. मनात असंही आलं की कदाचित मला वाटतं तसं नसेलच. तुला इतकं कळतं, तुला ते दिसलं नसतं का?

त्या आठवड्यात तू विंडोज आणखी एकदा घातलंस. मला माहीत होतं की दोष विंडोजचा नाही. बसमध्ये बसून मी वाक्य तयार करत होते. शनिवारी चपला काढल्या काढल्या, धडा म्हणावा तसं मी म्हणाले, “केतकी, वरच्या मजल्यावर ग्राइंडर सुरू होतो, तेव्हा विजेचा दाब कमी होतो, म्हणून कॉम्प्युटर बंद पडतो.”

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग छताकडे. मग पुन्हा माझ्याकडे. “मेले,” तू हळूच म्हणालीस. “मेले म्हणजे वर! अगं गधडे, मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की.”

तू हसत खाली बसलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि दुसऱ्या क्षणी उठून जिन्यावरून वर धावलीस. मी कॉम्प्युटरसमोर थांबले. वरून तुझं पुणेरी कन्नड ऐकू येत होतं, “अम्मा, ग्राइंडर ऑन माडी, स्वल्प ऑन माडी!” घरघर सुरू झाली आणि पडदा काळा. थांबली. पुन्हा घरघर, पुन्हा काळा. मी खालून टाळी वाजवून तुला कळवत होते. नेमका तेव्हा निखिल फाटकातून आत आला. त्याने पाहिलं ते एवढंच: तू जिन्यावरून उड्या मारत खाली येते आहेस आणि ओरडते आहेस, “सापडलं! सापडलं!”

त्यानंतर कमलम्मा ग्राइंडर लावायच्या आधी जिन्यातून विचारायच्या, “केतकी, ऑन माडला?” आणि तू काम सेव्ह करून म्हणायचीस, “सरी, अम्मा!” पुढे काकांनी इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन ओढून घेतली, तरी कमलम्मांची विचारायची सवय गेली नाही.

सोमवारी कँटीनमध्ये तू सगळ्यांना गोष्ट सांगितलीस. तू छान सांगायचीस. माझी नक्कल केलीस, बोट वर, डोळे मोठे, ‘मेले मेले’. सगळे हसले, मीही हसले. शेवटी कोणीतरी विचारलं, “मग शोधलं कोणी?” तू माझ्या खांद्यावर हात टाकलास आणि म्हणालीस, “आम्ही.”

त्या ‘आम्ही’वर मी तुझ्याशी भांडणार होते. खूप दिवस भांडणार होते. मला माहीत आहे की तू ते प्रेमाने म्हणालीस. मला माहीत आहे की दुसऱ्या कोणाला त्या ‘आम्ही’त जागा मिळाली असती तर मी रात्रभर जळले असते. तरी मला वाटायचं की तुझ्याकडे इतकं आहे, घर आहे, कॉम्प्युटर आहे, ‘तुम्हाला कळत नाही’ असं म्हणता येतील असे बाबा आहेत. माझ्याकडे ही एक गोष्ट होती. ती तू अर्धी का घेतलीस? आणि घेतलीस ती इतक्या सहज, की तुझ्या लक्षातही आलं नाही.

अप्पांचंही तसंच. तू एकदा आनेकलला आलीस. आईने केलेली भाकरी खाल्लीस आणि अप्पांना विचारलंस, “लेथवर नेमकं काय करता हो तुम्ही?” अप्पांनी ताटलीतला कांदा घेतला, तो बोटांत फिरवला आणि हत्यार कुठे टेकतं, धातू कसा सोलून निघतो, घाई केली की काय होतं, सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मध्येच त्यांनी तुला विचारलं, “आनी तुमच्या मिशनला आता ताप येत न्हाई न्हवं?” तू म्हणालीस, “स्वल्प येतो, अप्पा.” अप्पा केवढे हसले! तू गेल्यावर मी भांडी जोरात घासली. मला त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, हेही खरं.

तू ‘स्वल्प येतो’ म्हणालीस ते खरं होतं. ग्राइंडरचा प्रश्न सुटला तरी आणखी काहीतरी होतं. आता कॉम्प्युटर बंद पडत नव्हता. तो नुसता थांबायचा. माउसचा बाण जागच्या जागी गोठायचा, कुठलीही कळ दाबली तरी उत्तर नाही. तू म्हणालीस, रॅम खराब आहे. मी म्हणाले, आतला पंखा नीट फिरत नाही, तो तापतो.

“तापत असेल तर सुरू केल्या केल्या का थांबतो कधी कधी?”

“मग रॅम खराब असेल तर कधी कधी दिवसभर का चालतो?”

“कारण प्रत्येक वेळी तो तेवढ्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही.”

“तसाच पंखाही प्रत्येक वेळी अडकत नाही.”

“तू आणि तुझा पंखा!” तू म्हणालीस. “पेटंट घे त्याचं.”

आपण वर्गात भांडलो, कँटीनमध्ये भांडलो, बसस्टॉपवर भांडलो. मला ते फार आवडायचं. त्या भांडणात मी ‘हाय’ म्हणाले की ‘आहे’, याकडे तुझं लक्ष नसायचं.

आणि मग एका सोमवारी तू सांगितलंस की रविवारी निखिल त्याची रॅम घेऊन आला होता आणि तुम्ही दोघांनी कॅबिनेट उघडलं. ती रॅम त्या खाचेत बसलीच नाही, वेगळ्या जातीची निघाली, म्हणून काही कळलं नाही. तू हे सगळं हसत सांगत होतीस. मी विचारलं, “उघडलंत? माझ्याशिवाय?” तू म्हणालीस, “अगं, तू रविवारी कुठे असतेस?” बरोबर होतं. रविवारी मी आनेकलला असते. रॅम बसली नाही याचा मला इतका आनंद झाला की मी खाली बघत राहिले, तुला दिसू नये म्हणून. तू म्हणालीस, “सुट्टी लागली की तू आणि मी बसून काय तो निकाल लावू.”

सुट्टी लागली. मग तुला ताप आला. त्यातलं बाकीचं मंडळाच्या लेखात आहे, इथे नको.

आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात काकांचा फोन आला तेव्हा मी तळ्याकडे कपडे धुवायला गेले होते. फोन अप्पांनी घेतला. मी परत आले तर ते दारात उभे होते. “रेणू, बनशंकरीची पोरगी,” म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना येईना. माझ्या हातातली बादली त्यांनी घेतली. ते आत गेले आणि ओले कपडे स्वतः वाळत घालत बसले, एकेक झटकून. मला तेव्हाही वाटलं, मी गेले असते तर तुझ्या बाबांनी असं केलं असतं का? बघ, कशी आहे मी.

तुमच्या घरी इतकी माणसं होती की मी चपलांपाशीच उभी राहिले. निखिल रडत होता, मोठ्याने, कोणाचीही पर्वा न करता. पुण्याहून आलेल्या तुझ्या मैत्रिणी काकूंना धरून बसल्या होत्या. त्यांना तू लहानपणापासून मिळालेली होतीस. मला रडूही नीट येईना. आपण इथे नेमक्या कोण लागतो, हेच मी ठरवत होते.

नंतर काकांनीच बोलावलं. “रेणुका, तिचा तो कॉम्प्युटर मध्येच थांबतो. निखिल म्हणाला मी बघतो, पण मी म्हटलं, रेणुकाने बसवलाय, रेणुकाच बघेल.” आणि आवाज खाली करून म्हणाले, “काकूला तो बंद बघवत नाही गं. आणि मध्येच थांबला की त्याहून बघवत नाही.”

मी गेले. कॅबिनेट उघडलं. माहितीपत्रक वाचायला कोणी नव्हतं आणि मला त्याची गरजही नव्हती, सगळं तुझ्या आवाजात पाठ होतं. आधी मी माझं म्हणणं तपासलं. पंखा काढला, धूळ पुसली, काकांनी आणून ठेवलेला नवा पंखा लावला. सुरू केला. थोड्या वेळाने बाण गोठला. मग तुझं म्हणणं. रॅमच्या दोन जोड्या होत्या, त्यातली एक काढून ठेवली आणि उरलेल्या जोडीवर सुरू केला. पडद्यावर स्क्रीनसेव्हरचं ते पाइपांचं चित्र आपलं आपण वाढत जातं ना, ते लावून ठेवलं आणि समोर बसले. काकू येऊन शेजारी बसल्या. आम्ही दोघी दुपारभर पाइप बघत होतो. एक भरला की पडदा पुसला जायचा, दुसरा सुरू व्हायचा. कुठेच अडलं नाही.

“थांबला नाही ना गं?” काकूंनी विचारलं.

“नाही काकू.”

“मग झाला का बरा?”

“झाला.”

काकूंनी तोंड फिरवलं. आपण काय शब्द वापरला, ते त्यांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं.

म्हणजे तू बरोबर होतीस. रॅमच होती. हे तुला सांगता येत नाही म्हणून वाईट वाटलं, असं मी इथे लिहायला हवं. ते वाटलं, पण नंतर. आधी राग आला. समोर नसतानाही हीच जिंकते, असं वाटलं. आणि मी मान्य केल्यावर तुझा चेहरा कसा फुलतो, तेही मला बघायला मिळणार नव्हतं. हरण्यातली तेवढीच तर गोष्ट मला आवडायची.

त्यानंतरच्या रविवारी वर्गातले सगळे तुमच्या घरी जमलो. काका म्हणाले होते, भाषणं नकोत, नुसते या, बसा, तिच्याविषयी बोला. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या होत्या. तू गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर काही हललेलं मी पाहिलं नव्हतं. कोणी काही सांगितलं की त्या मान हलवायच्या, एवढंच.

निखिल म्हणाला, “ग्राइंडरची गोष्ट माहीत आहे न सगळ्यांना?” आणि त्याने सुरुवात केली. मी ताठ बसले. त्याच्या गोष्टीत कॉम्प्युटर बंद पडत होता, सगळे थकले होते, आणि रेणुका घाबरून खोलीभर ओरडत होती, “मेले, मेले!”

तो शब्द त्या घरात पडला. निखिलचा चेहरा पांढरा पडला. कोणी काकूंकडे बघेना. वर कमलम्मांच्या घरात कोणीतरी पाट सरकवला, तेवढाच आवाज.

आणि काकू हसल्या. आधी नुसते ओठ हलले, मग खांदे. पदर तोंडाला लावून हसल्या. “मेले, मेले,” त्या म्हणाल्या, “हो, केतकी घरभर म्हणत फिरायची ते. मग? मग काय झालं रे?”

निखिलला जीव आला. तो हात हलवून पुढचं सांगायला लागला. रेणुकाला काय होतंय ते कोणालाच कळत नव्हतं, पण केतकीचं डोकं चाललं न, तिच्या लक्षात आलं की मेले हा कन्नड शब्द, मेले म्हणजे वर, आणि वर काय आहे, तर ग्राइंडर! ती धावत वर गेली, तिने स्वतः तपासून बघितलं, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं तिला उड्या मारत खाली येताना. तो खोटं बोलत नव्हता, केतकी. त्याने तेवढंच पाहिलं होतं.

“अशीच होती ती,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “मुळाशी गेल्याशिवाय सोडायची नाही.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “रेणुका, तू होतीस ना तिथे? असंच झालं ना गं?”

सगळ्यांनी माझ्याकडे मान वळवली. माझ्याकडे वाक्य तयार होतं. कितीतरी दिवसांपासून होतं, शुद्ध मराठीत, लिंग वचन सगळं तपासलेलं. शोधलं मी. आम्ही नाही. मी. काकूंच्या चेहऱ्यावर ते हसू अजून होतं. जायला निघालेलं, माझ्या उत्तरासाठी थांबलेलं.

“हो काकू,” मी म्हणाले. “मी नुसती ओरडत होते. शोधलं केतकीनेच.”

काकूंनी मान हलवली, जसं आधीपासून माहीतच होतं. निखिल म्हणाला, “सांगितलं न मी!” मला त्याला चिमटा काढावासा वाटला.

अर्धी तू घेतलीस म्हणून मी मनात किती भांडले, आणि उरलेली अर्धी मी स्वतःच्या तोंडाने तुला देऊन आले. घरी जाताना बसमध्ये मला चांगलं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी चडफडत होते. तू शेजारच्या सीटवर असतीस तर आनेकल येईपर्यंत भांडले असते. ग्राइंडरचं मी शोधलं होतं. तुला माहीत आहे. आता ते माहीत असलेली मी एकटीच उरले आहे, आणि मी तर तसं नाही म्हणून सांगून बसले आहे.

पण निघताना आणखी एक झालं, ते तुला सांगायचं राहिलं. बाकीचे गेले आणि काकूंनी माझा हात धरून मला थांबवलं. “अजून सांग ना गं तिचं काहीतरी,” म्हणाल्या. “असलंच. मला माहीत नसलेलं.”

मी विचार केला. मग मी त्यांना साउंड कार्ड बसवलं त्या दिवसाची गोष्ट सांगितली, स्क्रू तिरका चालला होता आणि तो वेळेवर ओळखला, ती. त्यातही ओळखलं कोणी, ते तुला माहीत आहे. पण सांगताना ते तूच ओळखलंस. काकू पुन्हा हसल्या. पुढच्या शनिवारी ये म्हणाल्या, आणखी ऐकायचं आहे.

मी जाणार आहे. काय सांगायचं, तेही ठरवलं आहे. हे असंच चालू राहिलं तर थोड्या दिवसांत तू होतीस त्याच्या दुप्पट हुशार होऊन बसशील, आणि माझा हेवा काही संपायचा नाही.

तुझी,
रेणुका